नऊ प्रती आणि अक्काचे कान

माझ्याकडे एकाच रेकॉर्डच्या नऊ प्रती आहेत. नऊ वेगवेगळ्या रेकॉर्डी नव्हेत. एकच पॉपची एलपी, तीच गाणी, कव्हरवर तोच फोटो, नऊ वेळा. नांदेडात आमच्या घरी नवा माणूस आला की आधी कपाटाकडं बघतो, मग माझ्याकडं, आणि मग माझ्या बायकोकडं कीव आल्यासारखा. बायको म्हणते, "घ्या बघून. दुसऱ्यांच्या घरी निदान वेगवेगळी तरी असतात." हसा खुशाल. एका कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक म्हणून माझी तीस वर्षं गेली. एकच गोष्ट नऊ वेळा तपासण्यात काय वावगं आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

रेकॉर्ड साच्यावर छापतात. साचा नवा असतो तेव्हा निघालेल्या प्रती खणखणीत वाजतात, पुढं साचा झिजतो आणि आवाज दबत जातो. म्हणून शोधणारे लोक पहिल्या छपाईच्या मागं लागतात. ती ओळखायची कशी? गाणी संपतात आणि मधलं लेबल सुरू होतं, तिथं एक गुळगुळीत कडं असतं. त्या कड्यावर बारीक अक्षरात नंबर कोरलेला असतो. उन्हात तिरपी धरून भिंगातून बघितली की दिसतो. लेबल फाटेल, कव्हर बदलेल, पण तो नंबर खोटं बोलत नाही. मी प्रत्येक प्रतीचा नंबर वहीत उतरवला आहे. तीच सुई, सुईवर तेच वजन, तोच स्पीकर, खिडकी बंद, पंखा बंद. बायकोला मिक्सर लावायची बंदी. असा मी माणूस आहे.

पण ऐकून निवाडा द्यायचं काम माझं नव्हतं, अक्काचं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दिलेली लातूरला. तिच्या कॉलनीतलं बायकांचं भजनी मंडळ तिनंच उभं केलेलं. गुरुवारी दुपारी बायका तिच्या हॉलमध्ये जमतात, अक्का पेटी ओढते, सूर देते आणि बाकीच्या तो पकडतात. कुणाचा स्वर केसभर उतरला तरी अक्काची मान वळते. त्या मानेला सगळ्या बायका टरकून असतात.

ही रेकॉर्ड आम्ही दोघांनी पहिल्यांदा ऐकली ती तिच्याच लग्नात. आमचं गाव बिलोलीकडचं. घरी शेती, घरात रेडिओ होता, बाकी काही नाही. लग्नाला वडिलांनी बिलोलीचा लाउडस्पीकरवाला सांगितला, आणि गावातली लाईट भरवशाची नाही म्हणून जनरेटरही आणवला. लिंबावर कर्णा चढला आणि चार दिवस ती एकच रेकॉर्ड वाजली. हळदीला, जेवणावळीला, वरातीला, तीच. अंगाला हळद लागलेली अक्का मान डोलवत बसली होती, आणि आत्या तिला दटावत होती, "अगं नवरी हायस तू, जरा दम खा!" चौथ्या दिवशी ती सासरी गेली तेव्हा आम्हा दोघांना रेकॉर्डची दोन्ही अंगं तोंडपाठ होती. त्या चार दिवसांएवढी आनंदी अक्का मी पुन्हा कधी बघितली नाही, हेही सांगून टाकतो.

पुढं कितीतरी वर्षांनी नांदेडच्या एका भंगाराच्या दुकानात ती रेकॉर्ड मला दिसली. मी हरखूनच गेलो. जुना सुटकेससारखा प्लेअर मी लॅबच्या अनुभवावर दुरुस्त केलेला होता. तो आणि रेकॉर्ड घेऊन लातूरची एसटी धरली, लोहा-अहमदपूर-चाकूर करत सगळा रस्ता मांडीवर सांभाळत नेली. अक्कानं पहिलं गाणं अर्धं ऐकलं आणि म्हणाली, "हे न्हाई ते."

"अगं तेच आहे! बाई तीच, शब्द तेच!"

"असंल. पर ते लई ताजं होतं. हे मरगळलेलं हाय."

खरं सांगायचं तर मलाही काहीतरी उणं वाटलं होतं. रेडिओवर, मोबाईलवरही ते गाणं मला असंच जड वाटायचं. मी म्हणालो, ही झिजलेल्या साच्यावरची प्रत आहे, आणि मोबाईलवाल्यांनी खराब टेपवरून नक्कल काढली आहे. लग्नात वाजली ती पहिली छपाई असणार. थांब, आणून दाखवतो. हे मी इतक्या ठामपणे सांगितलं, की पुढची सहा वर्षं मला मागं फिरायची सोय राहिली नाही.

मग सुरू झालं. नांदेड, परभणी, हैदराबादचा रविवारचा जुना बाजार. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या माळ्यावरून एक मिळाली, तिच्यात झुरळांची अंडी होती. एकीला आडवी चीर होती. एकीच्या कव्हरात भलतीच भक्तिगीतांची रेकॉर्ड निघाली, तेव्हा मी भर बाजारात दुकानदाराशी भांडलो. एकेक प्रत धुवायची, वाळवायची, नंबर वाचायचा, वहीत मांडायचा आणि लातूरला न्यायची. आणि दर वेळी अक्का डोळे मिटून ऐकायची, पेटीवर एक बोट ठेवायची आणि मान हलवायची.

तिसऱ्या प्रतीच्या वेळेला ती म्हणाली होती, "भाऊ, हे बघ. माझ्या लग्नातलं गाणं काळी दोनवर होतं. तुझी रेकॉर्ड पांढरी दोनवर वाजून राहिली." काळी दोन म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, पांढरी दोनच्या लगेच वरची. म्हणजे अक्काच्या म्हणण्याप्रमाणं गाणं अर्ध्या स्वरानं खाली आलं होतं.

मी हसलो. म्हणालो, "अक्का, छपाईनं आवाज स्वच्छ होतो नाहीतर घाण होतो. पट्टी बदलत नसते. तुझी पेटी एकदा तपासून घे." बोललो ते शास्त्राला धरूनच होतं. म्हणूनच तर घात झाला.

आठवी प्रत पहिल्या छपाईची निघाली. हैदराबादच्या एका म्हाताऱ्या संग्राहकानं दोन वर्षं नन्नाचा पाढा वाचून शेवटी दिली. नंबर मी भिंगातून तीनदा वाचला. घरी लावली तर आवाज असा स्वच्छ, की गाणारीनं कडव्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. मी तडक लातूर गाठलं. नेमका गुरुवार होता. भजनाच्या पंधराएक बाया बसलेल्या, अक्काची सून नववा महिना सांभाळत चहा देत होती. मी सगळ्यांसमोर छोटंसं भाषण ठोकलं, सहा वर्षांची मेहनत वगैरे, आणि सुई टेकवली.

अक्कानं डोळे मिटले, पेटीवर बोट ठेवलं.

"न्हाई रं भाऊ," ती म्हणाली. "ही बी पांढरी दोनच हाय."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "अक्का, आता हद्द झाली. ह्याच्या आधीची रेकॉर्डच जगात नाही! रेकॉर्ड बरोबर आहे. तुझे कान गेलेत. वय झालं तुझं, कबूल कर!"

अक्कानं पेटीचा भाता बंद केला, कडी लावली आणि आत जाऊन माझ्यासाठी पोहे टाकले. मी ते खाल्लेसुद्धा. खाऊन, रेकॉर्ड गुंडाळून संध्याकाळच्या आत नांदेडला परत, तेही मान ताठ ठेवून.

पुढच्या महिन्यात अक्काला नात झाली. बारशाला आम्ही गेलो. पाळणा सजला, बायका गोळा झाल्या, पाळणा म्हणायची वेळ आली तेव्हा सगळ्या अक्काकडं बघू लागल्या. आमच्या नात्यात गेली तीस वर्षं अक्काशिवाय पाळणा झालेला नाही. अक्का म्हणाली, "तुम्हीच म्हणा गं. माझा घसा बसलाय." घसा कसला बसलाय! मघाशी तर आचाऱ्यावर खेकसत होती. शेजारणीनं कसाबसा पाळणा म्हटला. अक्का पाळण्याची दोरी धरून बसली, आणि ओठसुद्धा हलवले नाहीत तिनं.

निघताना सूनबाईनं मला जिन्यात गाठलं. म्हणाली, "मामा, आईंनी भजन सोडलं. पेटी शेजारच्या काकूंना दिली. कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणं थोडं कमी आहे, काळजीचं नाही. पण त्यांनी तेवढंच धरून ठेवलंय. तुम्हीच बोलला होतात ना?"

घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही. राग आला होता, आणि तो कुणाचा हे नीट समजत नव्हतं. लोकांसमोर बोललो ते वाईट, हे कळत होतं. पण बोललो ते खोटं होतं का, हेच कळत नव्हतं. आमच्या घराण्यात एक खोड आहे. पुराव्याशिवाय 'माझं चुकलं' कुणी म्हणत नाही, आणि पुरावा मिळाला तरी तोंडातल्या तोंडात म्हणतात. मी ठरवलं, आता शेवटपर्यंत जायचं. छपाया सगळ्या बघून झाल्या, आता ती एकच रेकॉर्ड शोधायची, जी प्रत्यक्ष लग्नात वाजली. तीही पांढरी दोनवर वाजली, तर अक्काला गोडीगुलाबीनं पुन्हा डॉक्टरकडं नेईन. आणि नाही वाजली तर काय करीन, ह्याचा मी विचारच केला नव्हता.

हे सोपं नव्हतं. गावात लग्नं लावणाऱ्या पिढीतली निम्मी माणसं गेलेली. मी तीनदा बिलोलीला हेलपाटे घातले. मंडपवाले, डीजेवाले, बँडवाले, सगळ्यांना विचारलं. "चाळीस वर्षांपूर्वीचा लाउडस्पीकरवाला? काका, काही कामधंदा न्हाई का?" असंही ऐकून घेतलं. चौथ्या खेपेला एका डीजेवाल्यानं सांगितलं, तो तर माझाच बाप.

त्याचे वडील, सगळ्यांचे चाचा, ऐंशीच्या घरातले, पण कडक. अंगणात खाटेवर बसून मुलाच्या डीजेला शिव्या घालत होते. "ह्याला काय गाणं म्हणतात? छाती फुटून राहिली लोकांची!" मी रेकॉर्डचं नाव काढलं तसे उठलेच. आतून पत्र्याची पेटी ओढून आणवली. त्यात ती होती. लेबलवर लाल ऑइलपेंटनं त्यांच्या दुकानाची खूण रंगवलेली. लग्नात दोन लाउडस्पीकरवाले आले तर रेकॉर्डींची अदलाबदल होऊ नये म्हणून सगळेच असं रंगवायचे. लेबल त्या रंगाखाली गेलं होतं, पण कड्यावरचा नंबर शाबूत. मी भिंग लावलं.

पहिली छपाई नव्हती. दुसरीही नव्हती. वहीत तिसऱ्या प्रतीसमोर लिहिलेला नंबर आणि हा नंबर, अक्षरन् अक्षर एकच. म्हणजे जी रेकॉर्ड अक्कानं 'ही न्हाई' म्हणून परत केली, ती ह्याच छपाईची होती. अक्काचे कान खरंच गेले, असं मनात येऊन मी रडायच्या बेताला आलो.

चाचा म्हणाले, "आलात तर ऐकून जा." त्यांचं जुनं मशीन अजून चालू होतं. त्यांनी रेकॉर्ड लावली, सुई टेकवली.

आणि अंगणात अक्काचं लग्न सुरू झालं.

दुसरं कसं सांगू? तेच गाणं, तोच ताजेपणा, तेच अंगात येणं. ओरखड्यांचा किरकिराट होता, पण त्याच्या वर ते गाणं लिंबावरून यायचं तसंच येत होतं. मी पिशवीतून माझी पहिल्या छपाईची प्रत काढली, म्हटलं चाचा, आता ही लावा. तीही तशीच वाजली. ताजी. चढी. मोबाईलमध्ये पेटी वाजवून बघायची सोय असते, ती काढली आणि पट्टी लावून बघितली. काळी दोन.

मग मात्र मी झोपेतून उठल्यासारखा मशीनकडं वळलो. थाळी उचलली. खाली मोटारीचा दांडा असतो, त्यानं रबरी चाक फिरतं आणि चाकानं थाळी. त्या दांड्यावर वायरमन वापरतात ती काळी टेप गुंडाळलेली होती.

"चाचा, हे काय?"

"टेप," ते म्हणाले, जसं काही मी मीठ बघून हे काय म्हणून विचारलं. "खेड्यात लाईट कमी यायची साब. मशीन रडायची, गाणं लोंबायचं. टेपचे दोन वेढे दिले की दांडा जाड, थाळी पळते. आमच्याकडं सगळेच द्यायचे."

"आणि जनरेटर असला की? तेव्हा काढत होता?"

चाचा हसले. "कशाला काढायची? जनरेटरवर तर अजून मजा. जरा पळतं गाणं असलं की वऱ्हाड नाचतं. शादी का घर है, ठंडा गाना कैसा चलता?"

मी थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, हातातलं घड्याळ धरून फेरे मोजले. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश व्हायला पाहिजेत. पस्तीसच्या वर झाले. तेवढाच फरक, नेमका अर्धा स्वर. त्या भागातली सगळी लग्नं ह्याच मशीनखाली लागली, आणि सगळ्या पंचक्रोशीला ते गाणं असंच ठाऊक. बाकीचे विसरले. एकट्या अक्काच्या कानानं तो अर्धा स्वर चाळीस वर्षं जसाच्या तसा सांभाळला, आणि तिनं मला तिसऱ्याच प्रतीला बोटानं दाखवलाही. मी तिला पेटी तपासायला सांगितली. तीस वर्षं मी पोरांना ओरडत आलो, रीडिंग घ्यायच्या आधी उपकरण तपासा रे गाढवांनो! छपाया तपासल्या, सुया तपासल्या, बहिणीचे कान तपासले. मशीन तेवढं तपासलं नाही. लाज वाटली मला, सरळ लाज.

चाचांनी रेकॉर्ड तशीच दिली, पैशाचं नावही काढू दिलं नाही. ती नववी. घरी येऊन मी माझ्या प्लेअरच्या दांड्यावर टेप गुंडाळली. फेरे मोजत, कापत, पुन्हा गुंडाळत दोन दिवस त्यातच गेले. मग गुरुवारची वाट बघितली. बोललो होतो पंधरा बायांसमोर, तर फेडायचंही त्यांच्यासमोरच.

अक्का हॉलमध्ये नव्हती. भजन शेजारच्या काकू चालवत होत्या, आणि अक्का आत शेंगा सोलत बसली होती. मी बायांना म्हटलं, पाच मिनिटं थांबा. प्लेअर मांडला, नववी लावली. पहिली ओळ सुरू झाली आणि आतला शेंगांचा आवाज थांबला. अक्का दारात आली. टरफलं पदरात तशीच. शेवटच्या कडव्यापर्यंत ती चौकटीला धरून उभी होती. मग काकूंच्या पुढ्यातल्या पेटीकडं बघून म्हणाली, "काळी दोन दाबा." काकूंनी दाबली. जुळली.

मी सगळं सांगितलं. दांडा, टेप, जनरेटर, फेरे, नंबर. कागदावर आकृतीसुद्धा काढली. बाया 'अगं बाई' करत ऐकत होत्या.

अक्का म्हणाली, "हे मशीनचं झालं. तुझं काय?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, "माझं चुकलं अक्का. तुझे कान बरोबर होते. सुरुवातीपासून बरोबर होते. मी लोकांसमोर नको ते बोललो."

तिनं पदरातली टरफलं सुपात टाकली, हात पुसले. "आठ महिने मी सूर लावला न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "भजनाचं सोड. पोरीला झोपवताना बी तोंड उघडलं न्हाई. म्हटलं, आपला बेसूर तिच्या कानात बसायला नको."

डोळे भरून आले ते मी बायांसमोरच पुसले.

अक्का खाली बसली. पेटी पुढ्यात घेतली, भाता ओढला. "बारशाचा पाळणा राहिलाय माझा," ती म्हणाली. बाया हसल्या, कारण जिचा पाळणा म्हणायचा ती नात सात महिन्यांची होऊन सतरंजीवर रांगून राहिली होती. अक्कानं काळी दोन दाबली आणि गायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला आवाज जरा अडकला, दुसऱ्या ओळीला मोकळा झाला.

पोरगी रांगायची थांबली. अक्काच्या तोंडाकडं टकामका बघू लागली. आजीचं गाणं ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती.